पुण्याच्या प्रोग्रॅमरची हत्यारे : ओपन सोर्सची तीस वर्षे

पुणे परिसरातल्या प्रोग्रॅमरच्या रोजच्या हत्यारांपैकी बहुतेक हत्यारे कुणी विकत घेतलेली नसतात. कोड लिहायला व्हिम किंवा व्हीएस कोड, कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवायला गिट, सर्व्हरवर लिनक्स, माहिती साठवायला पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल, वेबपानांसाठी रिॲक्ट, आकडेमोडीसाठी पायथनमधल्या नमपाय आणि पांडाज या लायब्ररी. यांतल्या जवळजवळ प्रत्येकाचा मूळ कोड उघडा आहे. तो वाचता येतो, बदलता येतो, बदललेला पुढे वाटता येतो. सुताराला स्वतःच्या रंध्याचे पाते बदलता यावे, इतकी ही साधी मुभा आहे. पण सॉफ्टवेअरच्या व्यवसायात ती सहज मिळालेली नाही आणि पुण्यात ती पोचायला बराच काळ लागला.

या हत्यारांवर उपजीविका करणाऱ्यांची मोठी वस्ती आज मुळशी तालुक्याच्या पूर्व कडेला आहे. चांदणी चौक मागे टाकून पौड रस्त्याला लागले की बावधन आणि लगेच भूगाव येते. मुळशी हा भातशेतीचा आणि कुस्तीचा तालुका. महाराष्ट्र केसरीची २०१७ ची स्पर्धा याच भूगावात भरली होती. हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्कही याच तालुक्यात मोडते, ही गोष्ट पुणेकरांच्याही चटकन लक्षात येत नाही. पार्क वाढत गेले तशी बावधन, भूगाव, भुकूम या पट्ट्यात गृहसंकुले उभी राहिली आणि पौड रस्त्यावर एसटी व टेम्पोंच्या जोडीला कंपन्यांच्या बसगाड्या धावू लागल्या. मुळशी सत्याग्रहाचे नेते सेनापती बापट यांच्या नावाच्या पुण्यातील रस्त्यावर १९९० मध्ये स्थापन झालेल्या पर्सिस्टंट सिस्टिम्सची ‘भगीरथ’ ही इमारत आहे. मुळशी धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या जमिनींसाठी लढलेल्या माणसाचे नाव आणि शहराचा नवा धंदा असे एकाच पत्त्यावर आले आहेत.

ओपन सोर्सची गोष्ट मात्र या इमारतींच्या आधी सुरू होते. रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यातून ईमॅक्स हा संपादक आणि १९८७ मध्ये जीसीसी हा कंपायलर आला. त्या काळात महाराष्ट्रात संगणकाचे जाळे म्हणावे असे जे काही होते, ते अर्नेट या सरकारी प्रकल्पाचे. १९८६ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात पाच आयआयटी आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांच्याबरोबर मुंबईची एनसीएसटी, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, ही संस्था होती. परदेशी विद्यापीठांत खुलेपणाने फिरणारी सॉफ्टवेअर अशा मोजक्या संस्थांच्या संशोधकांपर्यंत पोचत. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तिचा परम ८००० हा महासंगणक तयार झाला. सॉफ्टवेअर निर्यातीसाठी काढलेल्या एसटीपीआयच्या पहिल्या केंद्रांतही पुणे होते. तरीही बाहेरच्या खासगी कंपनीतल्या किंवा महाविद्यालयातल्या माणसाच्या हाती जे कंपायलर आणि डेटाबेस येत, ते एकतर महागड्या परवान्याचे असत किंवा फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरवलेल्या चोरट्या प्रती असत. दोन्हींत आतला कोड बंदच.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सची पहिली घोषणा केली. पण भारतात ते डायल-अपवरून उतरवून घेणे शक्यच नव्हते. व्हीएसएनएलने सार्वजनिक इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. तिचा वेग आणि तासाचा दर पाहता शेकडो मेगाबाइटची संपूर्ण प्रणाली त्यावरून आणणे ही कल्पनाच अव्यवहार्य होती. ही अडचण एका मासिकाने सोडवली. ‘पीसी क्वेस्ट’ने १९९६ पासून अंकाबरोबर लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली. या उपक्रमामागचे प्रमुख नाव अतुल चिटणीस. त्यांचा जन्म १९६२ मध्ये बर्लिनचा, शिक्षण बेळगावचे; तिथल्या गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे ते विद्यार्थी. पुढे बेंगळुरूत राहून त्यांनी आधी सीआयएक्स ही बुलेटिन बोर्ड सेवा चालवली, मग लिनक्सचा प्रसार केला आणि फॉस डॉट इन ही परिषद उभी केली. ३ जून २०१३ रोजी त्यांचे निधन झाले. भारतातल्या एका संपूर्ण पिढीने पहिले लिनक्स त्या मासिकाच्या सीडीवरून बसवले. सीमाभागात शिकलेल्या या माणसाचे ते ऋण महाराष्ट्रात फारसे नोंदले गेलेले नाही.

सीडी मिळाली तरी काम तिथे संपत नसे. हार्ड डिस्कचे भाग पाडताना चूक झाली तर घरातला विंडोज आणि त्यातला सगळा मजकूर जाई. पडद्यावर चित्र दिसण्यासाठी मॉनिटरच्या आडव्या-उभ्या वारंवारतेचे आकडे त्याच्या पुस्तिकेतून शोधून एका मजकुरी फाइलीत हाताने लिहावे लागत. सर्वांत मोठा त्रास मोडेमचा. बाजारात स्वस्त मिळणारे अंतर्गत मोडेम आपले बरेचसे काम विंडोजच्या सॉफ्टवेअरवर ढकलत, त्यामुळे लिनक्सवर ते मुके राहत. इंटरनेट नाही म्हणून उपाय शोधता येत नाही आणि उपाय नाही म्हणून इंटरनेट लागत नाही, असा तो पेच असे. अशा वेळी आधी ठेच खाल्लेला माणूस शेजारी असणे हाच मार्ग होता, आणि पुणे लिनक्स युजर्स ग्रुप, ज्याला सगळे ‘प्लग’ म्हणतात, तो या गरजेतून रुजला. लोक आपला संगणक उचलून बैठकीला आणत आणि तो सुरू करूनच घरी नेत. या गटाचे पुण्याच्या पुढच्या घडामोडींवर झालेले उपकार कोणत्याही कंपनीपेक्षा जास्त आहेत. मदत मागताना नेमके काय केले, काय दिसले आणि काय अपेक्षित होते हे सांगायची सवय तिथे लागली. बग कसा कळवायचा, याचे शिक्षण याहून वेगळे काही नसते.

त्या दिवसांत पुण्याचे प्रोग्रॅमर प्रामुख्याने घेणारे होते. देण्याची सुरुवात झाली ती आपले काम अडले त्या जागी, आणि पहिली अडलेली जागा होती देवनागरी अक्षर.

लिनक्सच्या पडद्यावर मराठी धड दिसत नव्हती. देवनागरीत उच्चारात नंतर येणारी पहिली वेलांटी लिहिताना आधी येते, जोडाक्षरात अक्षरे एकमेकांत शिरतात, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. रोमन लिपीसाठी लिहिलेल्या कोडला यातले काहीच ठाऊक नव्हते. मुंबईत २००० च्या सुमारास व्यंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी इंडलिनक्स हा प्रकल्प सुरू केला. एनसीएसटीने ‘इंडिक्स’ या प्रकल्पातून लिनक्सच्या पडदा-व्यवस्थेतच भारतीय लिप्यांची सोय घालण्याचा प्रयत्न केला. त्याच संस्थेत र. कृ. जोशी यांनी ‘रघू’ हा देवनागरी फाँट रेखाटला आणि तो ग्नूच्या जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुला झाला. जोशी मूळचे कोल्हापूरचे, जे. जे. उपयोजित कला संस्थेचे आणि आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्राचे अध्यापक, सुलेखनकार आणि कवी. विंडोजमधला ‘मंगल’ही त्यांचाच. एकाच हाताने घडवलेले दोन फाँट, एक मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा आणि एक कुणीही उघडून दुरुस्त करावा असा.

पुण्याचा वाटा ‘लोहित’ या फाँटमालिकेत दिसतो. रेड हॅट या लिनक्स कंपनीने २००४ मध्ये जीपीएलखाली जाहीर केलेल्या या मालिकेच्या जुन्या फायलींत स्वामित्वाच्या नोंदीत ‘ऑटोमॅटिक कंट्रोल इक्विपमेंट्स, पुणे’ असे नाव आढळते. नंतर रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी, विशेषतः प्रवीण सातपुते यांनी, लोहितची देखभाल वर्षानुवर्षे केली आणि २०११ मध्ये ती मालिका फाँटसाठीच बनवलेल्या मुक्त परवान्यावर आली. फेडोरा, उबंटू यांसारख्या प्रणालींवर मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अनेक वर्षे होती ती लोहितचीच अक्षरे.

हे काम किती बारीक असते, ते ‘दऱ्या’ या शब्दावरून समजते. ‘आचार्य’मधला र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, पण ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘गोऱ्हा’ यांतला र डोळ्याच्या पापणीसारखा आडवा राहतो. हिंदीत हा आकार नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेल्या कोडमध्ये तो सुटून जायचा. युनिकोडच्या नियमांनुसार तो दोन प्रकारे लिहिता येतो : ०९३१ या क्रमांकाच्या नुक्तावाल्या ऱ नंतर हलन्त देऊन, किंवा साध्या र नंतर हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दुसरा प्रकार युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवलेला आहे. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. शोधपेटीत एका प्रकारे लिहिलेले ‘दऱ्या’ टाकले तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेले सापडत नाही. फाँट करणाऱ्याला दोन्हींसाठी एकच आकार द्यावा लागतो आणि शोध लिहिणाऱ्याला दोन्ही एकच आहेत हे वेगळे सांगावे लागते. ‘ॲ’ची कथाही अशीच. ॲप, ॲड हे शब्द रोज बोलणाऱ्या मराठीला या स्वरासाठी युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा, ०९७२ हा क्रमांक, मिळाली ती २००८ मधल्या ५.१ आवृत्तीत. तोपर्यंत अ पुढे अर्धचंद्र जोडून काम भागवावे लागे आणि अनेक संगणकांवर त्या दोहोंमध्ये ठिपक्यांचे वर्तुळ उमटे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणे निश्चित केली तेव्हा ल आणि श यांची मराठी वळणे अधिकृत झाली. एकाच फाँटमध्ये भाषेनुसार असे वळण बदलण्याची सोय ओपनटाइप या मानकात होतीच. ती भरण्याचे काम फाँट करणाऱ्यांच्या वाट्याला आले.

अक्षर दिसू लागल्यावर मेन्यू, सूचना आणि त्रुटीसंदेश मराठीत आणायचे होते. ग्नोम, फेडोरा यांसारख्या प्रकल्पांतली हजारो वाक्ये मराठीत आणण्याचे चिकाटीचे काम पुण्यातून संदीप शेडमाके यांनी केले. अनेक भारतीय भाषांत हे काम एकसारखे व्हावे म्हणून राजेश रंजन यांनी पुण्यातच २००८ मध्ये ‘फ्यूएल’ हा प्रकल्प सुरू केला. शुद्धलेखन तपासनीसाची कहाणी याहून रोचक आहे. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स यांत वापरला जाणारा हनस्पेल हा तपासनीस मुळात हंगेरियन भाषेसाठी लास्लो नेमेथ यांनी घडवला. हंगेरियनमध्ये शब्दाला प्रत्ययावर प्रत्यय चिकटतात, म्हणून शब्दांची सरळ यादी पुरत नाही. मूळ शब्द आणि प्रत्ययांचे नियम अशा दोन फायली लागतात. मराठीचीही गरज नेमकी हीच होती. ‘घर’पासून घरी, घराला, घरातला, घरातल्यांनासुद्धा अशी रूपे निघतात, आणि ‘पाणी’चे पाण्याला होताना मूळ शब्दाचे शेवटचे अक्षरच बदलते. मुंबईच्या शंतनू ओक यांनी हनस्पेलसाठी मराठी कोश तयार केला. हंगेरियन माणसाने आपल्या भाषेसाठी केलेली सोय हजारो कोसांवरच्या मराठीच्या उपयोगी पडली, कारण तिचा कोड आणि नियमांची रचना दोन्ही उघडी होती.

दरम्यान ही हत्यारे महाविद्यालयांत शिरली. पुण्याच्या मॉडेल कॉलनीतल्या सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत, म्हणजे एसआयसीएसआरमध्ये, २००३ पासून दर वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास ‘ग्नूनिफाय’ भरू लागले आणि प्लगचे सदस्य त्यात विद्यार्थ्यांबरोबर राबू लागले. सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा मुक्त सॉफ्टवेअर गट तयार झाला. पायकॉन इंडिया ही पायथनची परिषद २००९ पासून दोन वर्षे बेंगळुरूत होती, २०११ मध्ये ती पुण्यात आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात फेडोराची फडकॉन सीओईपीत झाली, आणि जून २०१५ मध्ये ती पुन्हा पुण्यात, पौड रस्त्यालगतच्या कोथरूडमधील एमआयटी अभियांत्रिकी महाविद्यालयात भरली. भूगावकडे जाणाऱ्या वाटेवर जगभरचे फेडोरा कार्यकर्ते तीन दिवस जमले होते.

या सगळ्यापेक्षा दूरवर पोचलेला बदल मात्र गाजावाजाशिवाय झाला. पुणे विद्यापीठाने २०१२ च्या अभ्यासक्रमात संगणक अभियांत्रिकीच्या प्रात्यक्षिकांसाठी ६४ बिटचे ओपन सोर्स लिनक्स वापरावे अशी शिफारस केली. परिषदांना येणारे विद्यार्थी मुळातच उत्साही असतात. प्रात्यक्षिकाच्या वहीसाठी मात्र प्रत्येकालाच फेडोरा किंवा उबंटूसमोर बसावे लागले. अहमदनगर, नाशिक आणि पुणे जिल्ह्यांतल्या साध्या महाविद्यालयांतल्या मुलांनी जीसीसी, मेकफाइल आणि टर्मिनल पहिल्यांदा हाताळले ते इथे. परीक्षेपुरते केले तरी हात बसतो, आणि हिंजवडीतल्या पहिल्या नोकरीत लिनक्सच्या सर्व्हरवर लॉगिन करताना त्याचा फायदा मिळतो.

आयआयटी मुंबईने हे शिक्षण आणखी खोल नेले. प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसीच्या अंतरंगावर संशोधन आणि कार्यशाळांसाठी केंद्र चालवले. लाखो ओळींच्या त्या कंपायलरच्या आत नव्या माणसाने शिरावे कुठून, याचा नकाशा देणाऱ्या त्या कार्यशाळा होत्या. तिथलेच प्रा. प्रभू रामचंद्रन यांचे ‘मायावी’ हे त्रिमितीय आलेखांचे पायथन साधन जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात. सायपाय इंडिया ही परिषद २०११ पासून अनेक वर्षे आयआयटीतच भरली. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्स, सी, पायथन, लिब्रेऑफिस यांचे दहा-दहा मिनिटांचे धडे मराठीसह भारतीय भाषांत आवाज घालून दिले. पडद्याच्या एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष सॉफ्टवेअर, आणि धडा थांबवत थांबवत तेच स्वतः करून पाहायचे, अशी त्याची रीत. इंग्रजीची भीती असलेल्या विद्यार्थ्याला प्रोग्रॅमिंगच्या दारात आणून सोडण्याचे इतके सरळ साधन महाराष्ट्रात दुसरे झाले नाही.

हत्यार वापरणे, ते शिकवणे आणि त्याच्या गाभ्यात बदल करून तो जगाकडून मान्य करून घेणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. तिसऱ्या पायरीवर चढल्याचे स्पष्ट उदाहरण पोस्टग्रेस या डेटाबेसचे. एंटरप्राइझडीबी या कंपनीचे विकास केंद्र पुण्यात आले आणि पोस्टग्रेसच्या गाभ्यावर काम करणारी मंडळी इथे घडली. फेब्रुवारी २००८ मध्ये आलेल्या पोस्टग्रेस ८.३ या आवृत्तीत ‘हॉट’ नावाची सुधारणा होती. प्रकाशनाच्या टिपणात तिच्यापुढे पवन देवळसी हे नाव आहे.

ती सुधारणा समजून घेण्यासारखी आहे. पोस्टग्रेस एखादी नोंद बदलताना जुनी पुसत नाही, बदललेली नवी नोंद शेजारी लिहितो. त्यामुळे एकजण वाचत असताना दुसरा लिहू शकतो, आणि वाचणाऱ्याला अर्धवट बदललेले काही दिसत नाही. बँकेतल्या खात्याची नोंद घेतली तर तीत खाते क्रमांक, नाव, शाखा आणि शिल्लक असते. क्रमांक, नाव आणि शाखा यांवरून शोधता यावे म्हणून तीन सूची ठेवलेल्या असतात. ग्राहकाने पैसे भरले की बदलते फक्त शिल्लक. तरी पूर्वी नवी नोंद लिहिली गेली की तिन्ही सूचींत तिच्यासाठी नवी ओळ घालावी लागे, आणि जुन्या नोंदी व जुन्या ओळी नंतर झाडून काढाव्या लागत. दिवसाला लाखो व्यवहार असले तर हा कचरा डेटाबेसचा श्वास कोंडत असे. ‘हॉट’ने असे ठरवले की सूचीतला कोणताच रकाना बदलला नसेल आणि त्याच पानावर जागा असेल तर नवी नोंद तिथेच लिहावी, जुनीवरून नवीकडे बोट दाखवावे आणि सूचींना हातच लावू नये. पुढे कुणी ते पान वाचायला आले की निरुपयोगी झालेल्या नोंदी जागच्या जागी साफ होतात. कल्पना सांगायला चार वाक्यांची, पण डेटाबेस मध्येच बंद पडला, सूची नव्याने बांधली, दोघांनी एकदम बदल केला, अशा प्रत्येक प्रसंगात ती खरी ठरावी लागते. आज पोस्टग्रेस चालवणाऱ्या प्रत्येक यंत्रात हा कोड चालतो.

पुढे २०१८ मधल्या पोस्टग्रेस ११ मध्ये तुकड्यांत विभागलेल्या दोन मोठ्या तक्त्यांची जुळणी तुकड्यागणिक करण्याची सोय आली, तीत अशुतोष बापट यांचे काम मोठे. लिनक्सवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम ज्या लायब्ररीच्या आधाराने चालतो त्या ग्नू सी लायब्ररीच्या, म्हणजे जीलिबसीच्या, २०१७ मधल्या २.२५ आणि २.२६ या दोन्ही आवृत्त्यांचे प्रकाशन सिद्धेश पोयरेकर यांनी सांभाळले. अशा प्रकाशनात चूक झाली तर तिचा फटका जगभर बसतो. म्हणून ती जबाबदारी मिळणे हाच तिथला मान असतो.

वेबच्या लाटेने ओपन सोर्सचा धंदाही उभा केला. पुण्याची आरटीकॅम्प ही कंपनी वर्डप्रेसवर वाढली. राहुल बन्सल यांच्या या कंपनीने सर्व्हरवर वर्डप्रेस बसवण्याची सगळी खटपट एका आज्ञेत आणणारे ‘ईझीइंजिन’ हे साधन खुले केले. रुबी भाषेचे पुण्यात मोठे वेड होते. गौतम रेगे यांची जोश सॉफ्टवेअर ही कंपनी रुबीवरच उभी राहिली, आणि पुढे ‘डेक्कन रुबीकॉन्फ’ ही पुण्याची स्वतःची परिषद निघाली. मुंबईत छोट्या उद्योगांच्या हिशोबाच्या गरजेतून रुषभ मेहता यांनी ‘ईआरपीनेक्स्ट’ आणि त्याखालची ‘फ्रॅपे’ ही चौकट घडवली. माल, बिले, पगार, जीएसटी असे कारखान्याचे सगळे व्यवहार सांभाळणारे आणि तरी जीपीएलखाली संपूर्ण खुले असलेले सॉफ्टवेअर मुंबईत घडते आणि परदेशी कारखाने ते वापरतात, ही गोष्ट वीस वर्षांपूर्वी कुणाला खरी वाटली नसती.

सरकारी कामातही ही हत्यारे पोचली. केंद्र सरकारने २०१५ मध्ये ओपन सोर्सला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. त्याआधीपासून न्यायालयांच्या ई-कोर्ट्स प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचा अवलंब झाला होता. देशभरच्या जिल्हा व तालुका न्यायालयांतल्या खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस ही प्रणाली एनआयसी या केंद्र सरकारच्या संस्थेच्या पुणे केंद्राने मुक्त सॉफ्टवेअरवर बांधली. पक्षकार मोबाइलवर पुढची तारीख पाहतो तेव्हा तिच्यामागे हे पुण्यात झालेले काम असते.

या अवलंबनाची दुसरी बाजू डिसेंबर २०२१ मध्ये उघडी पडली. जावा प्रोग्रॅम आपल्या कामाची रोजनिशी लिहायला लॉगफोरजे ही लायब्ररी वापरतात. तिच्यात असा दोष सापडला की रोजनिशीत विशिष्ट मजकूर लिहवून घेऊन परका माणूस सर्व्हर ताब्यात घेऊ शकत होता. लायब्ररी मूठभर स्वयंसेवक सांभाळत होते आणि ती वापरत होत्या जगातल्या मोठ्या बँका, विमा कंपन्या, सरकारे. जावावर चालणाऱ्या सेवा हा हिंजवडीच्या धंद्याचा मोठा आधार. आपल्या प्रोग्रॅममध्ये ही लायब्ररी आहे का, हा प्रश्नही सोपा नव्हता, कारण ती अनेकदा दुसऱ्या लायब्ररीच्या पोटात, तिसरीच्या पोटात दडलेली असते. तेव्हापासून प्रत्येक प्रोग्रॅमसोबत त्यातल्या लायब्ररींची यादी ठेवण्याची पद्धत पक्की होत गेली. या सांभाळणाऱ्यांना पैसा कुठून मिळावा, या प्रश्नालाही त्यानंतर धार आली. फ्रॅपे आणि झिरोधा या कंपन्यांच्या पुढाकाराने २०२० मध्ये स्थापन झालेली फॉस युनायटेड ही संस्था भारतातल्या मुक्त प्रकल्पांना आर्थिक मदत देते आणि शहरोशहरी बैठका भरवते. त्यांत पुणे आणि मुंबई दोन्ही आहेत.

अलीकडच्या काळात मराठी पुन्हा केंद्रस्थानी आली आहे. मजकुराचा भाव ओळखणे, त्यातली माणसांची व गावांची नावे वेगळी काढणे अशा कामांसाठी इंग्रजीत तयार लायब्ररी भरपूर होत्या, मराठीत जवळपास काही नव्हते. पुण्यातल्या एलथ्रीक्यूब या गटाने रविराज जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली, मुख्यतः पीआयसीटी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन, २०२१ पासून ही उणीव भरायला घेतली. ‘महासेंट’ या संचासाठी सुमारे १६,००० मराठी ट्वीट माणसांनी वाचून त्यांवर सकारात्मक, नकारात्मक किंवा तटस्थ अशी खूण केली. ‘महाकॉर्पस’मध्ये २.४८ कोटी मराठी वाक्ये गोळा झाली आणि त्यांवर ‘महाबर्ट’ हे भाषाप्रारूप शिकवले गेले. नावे ओळखण्यासाठीच्या ‘महानेर’ संचात २५,००० वाक्ये आहेत. हे सगळे ‘महाएनएलपी’ या पायथन लायब्ररीत एकत्र केले आहे. पिप या नेहमीच्या साधनाने ती एका ओळीत बसते आणि मराठी वाक्य दिले की त्यातले माणसाचे नाव कोणते, गावाचे कोणते आणि संस्थेचे कोणते, हे वेगळे करून देते.